शेवटची बोट आणि नोरीन पिकेट

सिनेमावाल्यांच्या बरबँक गावात एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ग्रेचेनचं नटनिवडीचं ऑफिस आहे. खालच्या मजल्यावर पोरं तोंड उघडायला तयार नसतात, वरच्या मजल्यावर मिटायला. या वरच्या मजल्यावर नोरीन पिकेट सव्वीस वर्षं एका घडीच्या खुर्चीत बसत आली होती. तिचं काम रीडरचं. चाचणीला आलेलं पोरगं कॅमेऱ्यासमोर आपले संवाद म्हणतं, तेव्हा समोरच्या पात्राचे संवाद कुणीतरी म्हणावे लागतात. ते नोरीन म्हणायची. आजवर ती राजकन्या झाली होती, दरोडेखोर झाली होती, एकदा तर आजारी घोडाही झाली होती. पण सगळं कॅमेऱ्याच्या बाहेर राहून.

रीडरने एकच पथ्य पाळायचं: अभिनय करायचा नाही. आपण सपाट वाचायचं, म्हणजे समोरचं पोरगं उठून दिसतं. नोरीनचा सपाटपणा अख्ख्या गावात नावाजलेला. "तू माझ्या बापाचा खून केलास!" हे वाक्य ती धोब्याकडे टाकलेल्या कपड्यांची यादी वाचावी तसं वाचायची. त्यातून आवाज लहानपणापासून घोगरा. फोनवर लोक तिला 'सर' म्हणायचे. पहिली दहा वर्षं तिने त्यांना दुरुस्त केलं, मग तिलाही ते बरं वाटू लागलं.

'धुक्यातलं बेट' या गाजलेल्या सिनेमाच्या तिन्ही भागांचे नट याच ऑफिसात निवडले गेले होते. तेव्हा निवडलेली ती दोन गोड पोरं आता टक्कल आणि घटस्फोट सांभाळत होती, आणि चौथ्या भागात त्यांच्या मुलांची गोष्ट येणार होती. तेरा वर्षांची एक मुलगी आणि एक मुलगा हवा होता. यावर अख्ख्या देशाचं काही ना काही मत होतं. खालचा डॉक्टरसुद्धा नोरीनच्या तोंडात हात घालून म्हणाला होता, "जुन्या पोरांची सर येणार नाही हं नव्यांना!"

तिन्ही सिनेमांत नोरीन कुठेच नव्हती. म्हणून या वेळी तिने ग्रेचेनला गाठलंच.

"एक ओळ दे गं मला. एकच. सव्वीस वर्षांत मी काही मागितलंय?"

"खुर्चीला उशी मागितली होतीस."

"ती तरी कुठे दिलीस?"

ग्रेचेन हसली. "बरं. बोटीच्या तिकीट खिडकीवरची बाई. पोरं धावत येतात, ती म्हणते, 'शेवटची बोट गेली.' शुक्रवारपर्यंत दोन्ही पोरं पक्की झाली, तर ती खिडकी तुझी."

त्या दिवसापासून नोरीन लाल दिव्यापाशी गाडी थांबली की "शेवटची बोट गेली" म्हणू लागली. कधी करुण, कधी करारी. शेजारच्या गाडीतले लोक काचा वर करून घ्यायचे. घरी कुत्र्याला तर हे वाक्य इतकं पाठ झालं, की ते ऐकताच तो फिरायला जायची आशा सोडून कोपऱ्यात जाऊन पडायचा.

मंगळवारी दुपारी त्रेपन्नावी मुलगी आली: बेकर्सफील्डची मारिबेल कोरोनाडो. प्रसंग निरोपाचा होता; मुलाचे संवाद नोरीनकडे होते. मारिबेलने नोरीनकडे सरळ बघत विचारलं, "तू परत येशील ना?" आणि नोरीनला काय झालं कोण जाणे, कागद मांडीवरच राहिला. "येईन," ती म्हणाली. पण कपड्यांच्या यादीसारखं नाही. खरोखर परत येणाऱ्या माणसासारखं. मारिबेलच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ग्रेचेन खाली बघून सँडविचमधली मिरची वेचत होती, त्यामुळे तिच्या काही लक्षात आलं नाही.

गुरुवारी सकाळी स्टुडिओच्या साहेबांचा फोन आला. साहेब एकतिसाव्या वर्षीच साहेब झाले होते. ग्रेचेनने फोन स्पीकरवर टाकला.

"ग्रेचेन, मुलगी एकदम पक्की! आणि तो मुलगाही!"

"कुठला मुलगा?"

"अगं, टेपमध्ये तिच्यासमोर बोलणारा. दिसत नाही, पण आवाज काय आहे! त्याचं ते 'येईन' आम्ही चारदा ऐकलं. फोटो पाठव त्याचा."

ग्रेचेनने नोरीनकडे पाहिलं. नोरीनने छताकडे पाहिलं.

"पाठवते," म्हणून ग्रेचेनने फोन ठेवला. "नोरीन, तू अभिनय केलास?"

"एकच शब्द होता गं."

"सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं मी तुला लाकडाचा ओंडका म्हणून मिरवलं! आता काय पाठवू त्यांना? अठ्ठावन्न वर्षांच्या बाईचा फोटो?"

"फोटोत मी बावन्नची दिसते."

"उद्यापर्यंत मुलगा नाही मिळाला, तर तुझी खिडकी बंद. समजलं?"

नोरीनने साहेबांना स्वतःच फोन लावून सगळं सांगून टाकलं. मग साहेब म्हणाले, "सर, तुम्ही चेष्टा करताय ना?"

दुपारी मारिबेलसमोर एकामागून एक अकरा मुलं उभी केली. सगळी गुणी, सगळी चकचकीत दातांची. पण प्रत्येक जण "येईन" असं काही म्हणायचा, की जणू हातात बक्षीस घेऊन आभार मानतोय. मारिबेल बिचारी "तू परत येशील ना?" विचारायची, ते बसचं वेळापत्रक विचारावं तसं.

संध्याकाळी नोरीनने बाद केलेल्या मुलांचे कागद काढले. आवडलेल्या पोराच्या कागदावर कोपऱ्यात छोटा कान काढायची तिला सवय होती. समोरच्याचं बोलणं ऐकणारं पोरगं म्हणजे कान. चारशे कागदांत एकच कान निघाला: मायलो ट्रान, राहणार गार्डन ग्रोव्ह. त्याखाली ग्रेचेनचं अक्षर होतं, 'काहीच करत नाही.'

"हाच," नोरीन म्हणाली.

"हा काहीच करत नाही गं!"

"मीही मंगळवारपर्यंत काहीच करत नव्हते."

शुक्रवारच्या वाहतुकीतून मायलोला यायला तीन तास लागले. आला तो अवघडलेला, गाडीत खाल्लेल्या बटाट्याच्या कापांचं मीठ शर्टावर घेऊन. मारिबेलने विचारलं, "तू परत येशील ना?" मायलोने ते ऐकलं, जरा विचार केला, आणि म्हणाला, "येईन." मारिबेलचे डोळे भरून आले. नोरीनने हातातला कागद उलटा करून मांडीवर ठेवला. आज त्या खोलीत तिचं काहीच काम नव्हतं, आणि तिला इतका आनंद झाला की तिने ग्रेचेनचं उरलेलं सँडविच मिरच्यांसकट खाऊन टाकलं.

तासाभरात साहेबांचा होकार आला.

तीन महिन्यांनी सॅन पेड्रो बंदराच्या धक्क्यावर तिकीट खिडकी उभी राहिली. नोरीनला गणवेश मिळाला, टोपी मिळाली, खुर्चीवर उशीसुद्धा मिळाली. दिग्दर्शक "ॲक्शन" म्हणाला, पोरं धावत खिडकीपाशी आली, आणि पाहतात तर खिडकी रिकामी. नोरीन सवयीने उठून कॅमेऱ्याशेजारी जाऊन उभी होती. तिथूनच तिने सपाट आवाजात वाचलं, "शेवटची बोट गेली."

सगळा धक्का हसला. दिग्दर्शकाने तिला हाताला धरून आत बसवलं. दुसऱ्यांदा ती खिडकीत होती, पण वाक्य पुन्हा कपड्यांच्या यादीतलं. तिसऱ्यांदाही तेच. कुत्र्यासमोर केलेले सगळे करुण-करारी प्रकार ऐन वेळी पसार झाले होते. दिग्दर्शक घड्याळाकडे बघू लागला. एवढं वाक्य काय, दुसऱ्या कुणाकडूनही म्हणवून घेता आलं असतं.

"थांबा," मारिबेल म्हणाली. "आता कॅमेरा फक्त यांच्यावर ठेवा ना. आम्ही दिसलो नाही तरी चालेल."

ती कॅमेऱ्याला अगदी खेटून उभी राहिली. मायलो तिच्या शेजारी.

"मिस नोरीन, इकडे माझ्याकडे बघा. मी वाचते, तुम्ही नुसतं ऐका."

आणि मग मारिबेल कोरोनाडोने, काडीचाही अभिनय न करता, एकदम सपाट आवाजात विचारलं, "बोट आहे का हो?"

नोरीनने ते ऐकलं.

"शेवटची बोट गेली, पोरांनो," ती म्हणाली.

'पोरांनो' कागदावर नव्हतं. ते कुणी कापलं नाही.