पाटवडीचं टेबल

चूक माझी आहे, ती आधीच सांगून टाकतो. गेल्या वर्षी आपल्या गणेशमंडळाच्या स्मरणिकेत मी लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं : ‘पिपलानीत संध्याकाळ नव्हतीच, फक्त शिफ्ट सुटायची.’ तुमच्यापैकी अनेकांनी फोन करून त्या वाक्याचं कौतुक केलं. मी खूश झालो. वाक्य खोटं होतं.

पिपलानी, आपली भोपाळची कारखान्याची वसाहत, सोडली तेव्हा समुद्राकाठच्या एका छोट्या शहरात, विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये मला नोकरी लागली होती. बाबा सेकंड शिफ्टला होते, म्हणून स्टेशनवर आई एकटीच आली. स्टीलचा डबा हातात देत म्हणाली, “पाटवड्या आहेत. एकट्यानं खाऊ नको रे, गाडीतल्या लोकांनाही दे.” गाडी सुटल्यावर मी तो डबा बर्थखाली सरकवला. लसणाचा वास येत होता आणि मला त्याची लाज वाटत होती.

त्या शहरातली संध्याकाळ मला आवडली, हे खरं. सहा वाजले की होस्टेलं रिकामी होतात. बंधाऱ्यावर मुलंमुली दाटीवाटीनं बसतात, कुणाकडे गिटार असते, तव्यावर रव्यातला बांगडा चरचरत असतो. ते मी लेखात रंगवून लिहिलं. मात्र ते खुलून दिसावं म्हणून आपलं घर काळोखात ढकललं.

कारण पिपलानीत संध्याकाळ होती. गणपतीत, आनंदमेळ्याच्या दिवशी, घराघरातल्या बायका आपापलं खाण्याचं टेबल मांडायच्या. आई दुपारपासून बेसन घोटायची, पाण्याचा हात लावून उलट्या परातीवर थापायची, वर खोबरं-कोथिंबीर, सोबत झणझणीत रस्सा. फर्स्ट शिफ्टची माणसं अंघोळ करून थेट तिच्या रांगेत, आणि प्रत्येकाला ती म्हणायची, ‘अजून एक घे.’ शेजारचे यादवअंकल दरवर्षी ओरडायचे, “भाभी, रस्सा और तीखा करो, अभी आँसू नहीं आए!” आई म्हणायची, “रडायचंच असेल तर घरी जा ना, बाप्पा!”

यंदा आईचा फोन आला. “व्हॉट्सॲपवर मेसेज आलाय, हायजीनसाठी टेबलं बंद केली म्हणे. केटरर येणार.” एवढं सांगून तिनं फोन ठेवला.

मी भडकलो. रजा टाकली, भोपाळला आलो आणि मंडळाच्या सचिवाला गाठलं. चाळीस वर्षं ज्या बायकांनी हा मेळा हातांवर पेलला, त्यांना एका व्हॉट्सॲप मेसेजवर घरी बसवता? त्यांच्या हातचं खाऊन मोठे झालात आणि आता तुम्हाला हायजीन आठवलं?

तो शांतपणे म्हणाला, “दादा, गुस्सा मत करो. लोकांना आता लाइव्ह काउंटर पाहिजे, समोर गरमागरम करून देणारे. आणि मीटिंगमध्ये तुमचाच लेख वाचला ना आम्ही. इथे संध्याकाळच नव्हती म्हणता, मग जुनं कशाला जपायचं?” त्यानं स्मरणिका उघडली. माझ्या वाक्याखाली पेनानं रेघ मारली होती.

संताप तसाच होता, पण आता तो काढायचा कुणावर? वाक्य माझंच होतं.

घरी आलो तर मोठी परात घासून भिंतीला टेकवलेली. आई म्हणाली, “तुझा लेख मी दोनदा वाचला. समुद्र छान लिहिलास.” आपलं टेबल त्यात का नाही, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चूक छापून केली होती. माफी स्वयंपाकघरात मागून भागणार नव्हतं. आनंदमेळ्याच्या दिवशी, मागे केटररचे काउंटर लागलेले असताना, आरती संपल्यावर मी माइक मागून घेतला. आई तिसऱ्या रांगेत होती. तिच्याकडे बघून म्हणालो :

“आई, मी खोटं लिहिलं. समुद्राकाठी इतकी वर्षं काढली, पण तिथे मला कुणी ‘अजून एक घे’ म्हणालं नाही. माझी संध्याकाळ तुझ्या टेबलापाशी होती. ते टेबल आज इथे नाही, ते माझ्यामुळे. मला माफ कर.”