का विकताय?

सर गेले त्या दिवशी सोमवार होता. शाळेत परिपाठ चालू होता. शिपाई मुख्याध्यापकांजवळ गेला आणि त्यांच्याशी काही बोलला. परिपाठ थांबला, शाळा सुटली. सरांच्या दारात गाडी उभी होती.

त्या गाडीच्या शोधात सर जिथे जिथे गेले, तिथे त्यांनी एकच प्रश्न विचारला. आधी चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकाने पुसायचा, पुन्हा लावायचा, आणि गाडीकडे न बघता मालकाकडे बघून म्हणायचे, "का विकताय?"

जुनी गाडी घेणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. ती बॉनेट उघडतात, टायरला लाथ मारतात, गाडी किती पळाली ते विचारतात, आणि उत्तर खोटे आहे असे धरून भाव पाडतात. सर यातले काही करत नसत. बॉनेटखाली काय असते याबद्दल आम्हा दोघांचे अज्ञान सारखेच होते. ते भूगोलाचे शिक्षक, मी शाळेची ग्रंथपाल. मला सोबत नेत, कारण आमच्या शिक्षकखोलीत मोटारीचा परवाना माझ्या एकटीकडे होता. कोपरगावातल्या दोन पिढ्यांना सरांनी नाईल नदीच्या उगमापर्यंत नेले होते. स्वतः मात्र स्कूटरवरून घर ते शाळा एवढेच गेले.

गाडी हवी होती वहिनींसाठी, सरांच्या पत्नीसाठी. त्यांचे गुडघे गेले होते. स्कूटर बंद, एसटीची पायरी बंद. माहेर राजूरला, पार डोंगरात. तिथे त्यांची आई होती, नव्वदीला टेकलेली. तिला फोनवर आवाज ओळखू येईनासा झाला होता.

"समोर गेले तर ओळखेल," वहिनी म्हणत. "पण आणखी किती दिवस, ते कुणी सांगावं."

तुम्ही म्हणाल, भाड्याने गाडी करून जावे. मीही तेच म्हटले.

"भाड्याच्या गाडीतून माहेरी जाता येत नाही, बाई," सर म्हणाले. "ड्रायव्हर सारखा घड्याळ बघतो."

तेव्हा स्वतःचीच घ्यायची ठरली. दोन मुलींची शिक्षणे चालू होती, त्यामुळे सरांच्या हिशेबात गाडी बसायची ती स्कूटरहून जरा महाग आणि मोटारीहून बरीच स्वस्त. अशा गाड्या असतात. मालक नीट भेटत नाही एवढेच.

पहिला मालक गोदाकाठचा ऊसवाला होता. गाडी धुऊन पुसून अंगणात उभी.

"का विकताय?"

"मोठी घ्यायचीय ना, सर. पोरगं म्हनतंय, हिच्यात बसायची लाज वाटती."

 परतताना स्कूटरवरून मागे मान वळवून सर म्हणाले, "जिची घरच्यांनाच लाज वाटली, ती आपल्या दारात मान वर करून कशी उभी राहील?"

दुसरा होता कापडाचा दुकानदार. त्याच्या वडिलांचे ऑपरेशन होते. गाडी चांगली होती, हे मलासुद्धा कळले. सरांनी त्याच्या वडिलांची तासभर चौकशी केली आणि गाडी सोडून दिली. अडलेल्याची वस्तू घेऊ नये, तळतळाट लागतो.

"पण सगळ्यांनीच असं म्हटलं तर त्यांच्या ऑपरेशनचं काय, सर?"

हा मुद्दा त्यांना पटला. त्यांनी ती गाडी आमच्या चित्रकलेच्या सरांना घ्यायला लावली, भाव न पाडता. चित्रकलेचे सर अजून तीच चालवतात. तळतळाट त्यांना अद्याप लागलेला नाही.

नगरच्या रस्त्याला जुन्या गाड्यांचा बाजार आहे. तिथल्या एजंटने प्रत्येक गाडीवर हात ठेवून सांगितले, "लेडी डॉक्टरची आहे सर, फक्त घर ते दवाखाना."

सर चष्मा पुसत म्हणाले, "जिल्ह्यात एवढ्या लेडी डॉक्टर असत्या, तर आमच्या घरचे गुडघे असे झाले नसते."

दिवाळी गेली, संक्रांत गेली. राजूरहून भावाचे फोन येत, आई काल जेवली नाही, आई आज बसली होती. वहिनी चहा देताना मला म्हणाल्या, "मला बघायला आले होते ना, तेव्हा नाव आणि शिक्षण, दोनच प्रश्न. गाडीची मात्र पत्रिका जुळवायचीय ह्यांना."

पुढच्या खेपेला वहिनी स्वतःच रिक्षा करून बरोबर आल्या. मालक म्हातारा होता, एकटाच ओट्यावर बसलेला.

"का विकताय?"

"डोळ्याची नस सुकलीय. डाक्टर म्हनले, चालवू नका. न्हेली तर बरं हुईल. दारात ऱ्हायली तर मी परत चालवीन."

सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. या उत्तरात खोट कुठे आहे ते त्यांना सापडत नव्हते. सापडले असते, थोडा वेळ मिळता तर. तेवढ्यात वहिनींनी गाडीचे मागचे दार उघडले, दोन्ही हातांनी पाय आत घेतले आणि दार लावून घेतले.

"काय करतेस? अजून ठरलं नाही."

"तुम्ही ठरवा निवांत," वहिनी आतून म्हणाल्या. "चढताना दुखलंय. मी आता घरीच उतरणार."

म्हातारा पहिल्यांदा हसला. "घ्या सर. बाईसायबांचं झालं ठरवून."

गाडी मी चालवत आणली. राजूरलाही मीच नेते म्हटले, लगेच येत्या रविवारी. सर तयार होईनात. सासरवाडीला जायचे तर गाडी जावयाने चालवली पाहिजे, आणि तीही पक्क्या परवान्यावर. शिकाऊ परवाना निघाला. शाळेच्या मैदानावर ते पहिल्या गिअरमध्ये फेऱ्या घालत, आणि वळताना डावीकडे कुणी नसतानाही हात दाखवत. पक्क्या परवान्याची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. त्याआधी तो सोमवार आला. सकाळी चहा घेताना छातीत दुखले, तेवढेच.

दिवसकार्य झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "बाई, आता नेता का?"

संगमनेर, अकोले, राजूर.  आजी पडवीत खाटेवर होत्या. त्यांना काही सांगितलेले नव्हते. त्यांनी वहिनींचा चेहरा दोन्ही हातांत धरला, बराच वेळ पाहिला आणि नाव घेऊन हाक मारली. मग माझ्या मागे, रस्त्याकडे बघत राहिल्या.

"जावई न्हाई आले?"

"आलेत ना," वहिनी म्हणाल्या. "गाडी लावतायत."

आजींनी मान डोलावली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

आजी अजून आहेत. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही जातो. गाडी बरी चालते.