खलनायकाच्या कोटाला पिना

तमाम नाट्यरसिकांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, यंदाच्या हंगामात वडसा मुक्कामी खलनायकाचा कोट फाडण्यात आला. कोट नवाकोरा होता, खलनायक मी होतो आणि फाडणारी माझी सख्खी पुतणी होती. दोन मिनिटं शांतता पाळण्याची गरज नाही. मलाही ती कुणी मिळू दिली नाही.

पुतणी नागपुरातून फॅशनचा कोर्स करून आली आणि ऊर्जानगरच्या माझ्या क्वार्टरात शिलाई मशीन मांडून बसली. मी एरवी वीजकेंद्रात नोकरी करतो आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांतून लोकांच्या शिव्या खातो. आमच्या नाटक कंपनीच्या मॅनेजरने तिला सांगितलं होतं, आधी काकाचा कोट शिव. जमला तर हंगामभर सगळ्या नटांच्या कपड्यांचं काम तिचं. नाही जमला तर रेडिमेडच्या दुकानात घड्या घालायला जायचं, हे तिच्या बापाने ठरवून ठेवलेलं.

एवढं पणाला लागलेलं असताना शहाणं माणूस साधा कोट शिवेल. हिने कोर्सच्या पुस्तकातली, विलायतेतली एक बाई गुरू केली. दर ट्रायलला मला त्या बाईचं चरित्र ऐकावं लागे. बाई आधी शाळेत शिकवायची. मग तिने दुकान काढलं आणि फाटके सदरे, साखळ्या, सेफ्टी पिना असला माल मांडला. आईबाप नाकं मुरडत आणि पोरं तेच घालून हिंडत. पुढे तिने जुन्या राजेरजवाड्यांचे घेरदार झगे उकरून काढले. आणि ज्या राजघराण्याची टिंगल केली, त्यानेच तिला बोलावून किताब दिला. ही सगळी कारकीर्द मी हात वर करून, काखेत टाचणी टोचत असताना ऐकली आहे.

"काकाजी, हलू नोका."

"अवं पोरी, बाही फाटली ना इथी."

"फाटली नाई. फाडली."

कोट झाला. काळा, एक बाही लोंबती, छातीवर चकाकत्या पिनांच्या रांगा. मॅनेजरने मला आपादमस्तक पाहिलं.

"भाऊ, कुत्रं लागलं होतं का मागं?"

"लोकं भेतीन पाहा," पुतणी म्हणाली.

"भेतीन का रडतीन, ते आज समजते."

आमच्याकडे एखादं गाणं, एखादा विनोद पसंत पडला की प्रेक्षक सरळ मंचावर चढतो आणि कलाकाराच्या छातीवर पिनेने नोट टाचतो. हा मान हिरोईनचा आणि विनोदी नटाचा. खलनायकाला इतक्या वर्षांत कुणी सुपारीही दिलेली नाही.

पहिल्या अंकात मी हिरोईनच्या बापाची जमीन हडपायला आलो. गडगडाटी हसलो. हिरोईन पाय धरून रडू लागली. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला आणि खांद्यावरचा दुपट्टा सावरत वर आला. त्याने माझी बाही पाहिली, पिना पाहिल्या आणि एक पिन उघडून नोट अडकवली.

"घे भाऊ. टाका घालून घे बाहीले."

मी डोळे वटारले. खाली लोकांना वाटलं, आज खलनायक पिना घेऊनच आला आहे, बिचाऱ्याचा मान ठेवला पाहिजे. रांग लागली. हिरोईन माझे पाय धरून ताटकळली, आणि मी सज्जनासारखे हात जोडत, जमिनीचं नावही न काढता आत आलो.

पुतणी विंगेत तोंड झाकून बसली होती. "मले त्यायले भेववाचं होतं, काकाजी." घड्या घालायचं दुकान तिच्या डोळ्यांपुढे उभं होतं. माझी छाती मात्र नोटांनी फडफडत होती. खलनायकाला एवढ्या नोटा आणि आपल्याला एकही नाही, म्हणून हिरो रुसून कोपऱ्यात बसला होता.

मॅनेजर तणतणत आला, माझ्याकडे पाहिलं, हिरोकडे पाहिलं, आणि बोलून गेला, "पोरी, सगळ्यायचे कपडे तूच शिव, पिना मी आणून देतो."