झोपलेलं पेरूचं झाड

मैत्रिणींनो, आज सकाळी माझं पेरूचं झाड गेलं.

इथे परदेशात, इन्व्हरकार्गिलच्या थंडीत चार वर्षं मी ते कुंडीत वाढवलं. दिवसा उन्हात, संध्याकाळी घरात. यंदा पहिल्यांदाच एक फळ धरलं होतं. पिकलं की आधी देवापुढे ठेवायचं ठरवलं होतं.

काल फोनकार्ड संपेपर्यंत आईशी त्याच पेरूबद्दल बोलत बसले आणि कुंडी बाहेरच राहिली. देवाजवळ दिवा लावल्यावर हे म्हणाले, "अगं, कुंडी आत घे. आज फ्रॉस्ट पडणार आहे."

"दिवेलागण झाली हो. आता झाडाला हात लावायचा नाही, ते झोपलंय." लहानपणी आईनेच शिकवलेलं.

"झाड झोपलंय, पण थंडी जागी आहे ना! मी उचलतो."

"तुम्हीही नाही."

रामरक्षा म्हटली आणि झाड देवावर सोपवलं. सकाळी पाहिलं तर पानं काळी पडलेली आणि पेरू दगडासारखा गोठलेला.

आत्ताच आईचा फोन येऊन गेला. "पिकला का गं?"

खरं सांगितलं असतं तर तिने स्वतःलाच दोष दिला असता. "अजून हिरवा आहे," म्हणाले.

झोपेतून उठवलं असतं, तर झाड रागावलं असतं का हो?