गुडघाभर पाण्यातला फोटो

गोरेगावहून सेनगावला जाणाऱ्या जीपमध्ये एक मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या. साठीच्या असतील. पदराने मोबाइल पुसून त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"बघा ताई, आमी दोघं कोकणात जाऊन आलो. समुद्र बघितला!"

त्या भराभर फोटो सरकवत होत्या. सगळ्यांत त्या आणि त्यांचे मालक, दोघंही ताठ उभे. निघतानाच्या फोटोत दोघांमध्ये आणखी एक माणूस सहज मावला असता. किल्ल्यावर मध्ये फक्त पिशवी होती. नारळाच्या बागेत खांद्याला खांदा लागला होता. आणि समुद्रात, गुडघाभर पाण्यात, त्यांनी मालकांचा हात घट्ट धरला होता.

"मावशी, परत पहिल्यापासून दाखवा!" मी जवळजवळ ओरडलेच. मग एकेका फोटोवर बोट ठेवून ते अंतर कसं कमी होत गेलं, ते त्यांना दाखवलं.

तोंडावर पदर घेऊन त्या खळखळून हसल्या.

"पाण्याचं भेव वाटलं म्हून धरला होता. मंग सोडायचं ध्यानातच न्हाई राहिलं."

सेनगाव येईपर्यंत त्या तोच फोटो बघत होत्या. जीप थांबताच उतरल्या आणि मला म्हणाल्या, "हा मोठा करून भिंतीला लावते. सुना हसल्या तर हसू द्या!"

आणि फोटोच्या दुकानाकडे लगबगीने निघाल्यासुद्धा.