समोरच्या वाहिनीच्या महानंदाताई

महानंदाताई शेटे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती मी त्यांचा व्यवसाय विकत घ्यायला गेलो तेव्हा. धाराशिव शहरात त्या काळी केबलच्या दोन लाईनी होत्या. मुख्य रस्त्याच्या अलीकडची माझी आणि पलीकडची त्यांचे पती शिवलिंगअप्पा यांची. अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली, आणि आता पलीकडची लाईनही माझ्याकडंच येणार असं बाजारपेठेत सगळे धरून चालले. मीही तसंच धरलं होतं. मनाशी एक बरा दर ठरवला, पिशवीभर मोसंबी घेतली आणि त्यांच्या घरी गेलो.

ताईंनी चहा दिला. माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लाईन विकायची न्हाय, दिगंबरराव. तुम्हाला तुमची विकायची असंल तर सांगा, बोलू आपण."

पलंगावर पडलेले अप्पा हसले. त्यांचं अर्धंच तोंड हसू शकत होतं, पण मला तेवढं पुरलं.

घरी येऊन मी पत्नीला सांगितलं, की ही बाई दिवाळीसुद्धा गाठत नाही. आज त्यांच्या षष्ट्यब्दीच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो आहे, यावरून माझा अंदाज किती खरा ठरला ते वाचकांनी ओळखावं.

ताईंनी लाईन नुसती सांभाळली नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी 'शिवार' नावानं स्वतःची वाहिनी काढली आणि संध्याकाळी साडेसातला जिल्ह्याच्या बातम्या सुरू केल्या. मी मागोमाग 'झगमग' काढली आणि माझ्याही बातम्या साडेसातलाच ठेवल्या. मित्रांनी समजावलं, की आठची वेळ घ्या, लोक दोन्ही बघतील. मला लोकांनी दोन्ही बघायला नको होतं.

आमच्यासारख्या ठिकाणी कोण काय बघतं हे मोजणारं कुणी नसतं. मोठ्या वाहिन्यांसाठी निवडक घरांत पेट्या बसवतात म्हणे. तसली पेटी मी तरी आमच्या गल्लीत कधी पाहिली नाही. आमची मोजणी पायी चालायची. साडेसातला बातम्या सुरू होताना मी जेवणाआधीचं फिरणं म्हणून गल्ल्यांतून हिंडायचो आणि कुठल्या घरातून कुणाचं सुरुवातीचं संगीत ऐकू येतं ते कान देऊन ऐकायचो. माझं संगीत मी पुण्याहून करून आणलं होतं, त्यात तुतारी होती. 'शिवार'चं म्हणजे साधी संबळ, तीही कुणा ओळखीच्या गोंधळ्यानं वाजवलेली. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मला संबळच ऐकू यायची. गिऱ्हाइकांच्या आग्रहामुळं दोन्ही लाईनी एकमेकांची वाहिनीही दाखवायच्या, त्यामुळं माझ्या स्वतःच्या भागात, माझ्या स्वतःच्या तारेतून ती संबळ वाजत असायची.

एकदा असाच फिरून घरी आलो, तर आमच्याच बैठकीत संबळ. पत्नी आणि सास्तूरहून आलेली माझी थोरली बहीण, दोघी भाजी निवडत 'शिवार'च्या बातम्या बघत होत्या. मी टीव्हीसमोर जाऊन उभा राहिलो. बहीण म्हणाली, "दिगू, जरा बाजूला सरक. सास्तूरचं दाखवायलेत." मी सरकलो.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त इंग्लंडला असतो. तो सुट्टीवर आला तेव्हा तिकडच्या वाहिन्यांचं कसं चालतं ते मी त्याला खोदून खोदून विचारलं. त्यानं सांगितलं, की तिकडं एक मोठी वाहिनी टीव्ही ठेवायला घरटी भराव्या लागणाऱ्या परवान्याच्या फीवर चालते आणि तिची मोठी प्रतिस्पर्धी जाहिरातींवर. शनिवारी संध्याकाळी दोघी आपापला भारीतला भारी कार्यक्रम कधी कधी एकाच वेळेला लावतात. नाताळच्या दिवशी कुणाचं जास्त बघितलं गेलं याचे आकडे दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतात, आणि हरलेल्या वाहिनीचे साहेब लोक कारणं देत बसतात. हे ऐकून मला फार बरं वाटलं. एवढ्या पुढारलेल्या देशातली माणसंही माझ्यासारखीच जळतात, हा मोठाच दिलासा होता.

पण पुतण्या पुढं जे बोलला ते मात्र आवडलं नाही. तो म्हणाला, "काका, तुमची जाहिरातवाली झाली. शेटेकाकूंची परवानावाली वाटते. घरटी पैसे घेतल्यासारखं काम करतात त्या." खरं म्हणजे त्याही जाहिरातींवरच चालवत होत्या, त्याच कापडवाल्यांच्या आणि त्याच सराफांच्या. मी त्याला तसं सुनावलंही. पण त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, आणि म्हणूनच ते मला झोंबलं.

ताईंच्या कामाची पद्धत सांगायची तर 'अंगण'बद्दल लिहायला हवं. बातम्यांनंतर रोज कुठल्या तरी गावातलं एक म्हातारं माणूस आपल्या अंगणात बसून बोलायचं, बस्स. ढोकीच्या कारखान्यावर उसाची गाडी हाकलेला गडी, भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये बाळंत झालेली बाई, उमरग्याकडची निम्मं कानडीत बोलणारी आजी. मधे कुणी प्रश्न विचारायचं नाही. माणूस थांबला तर कॅमेराही थांबून राहायचा. मला वाटलं, हे कोण बघणार? पण ज्याला दाखवलं त्याचे सोयरे बघायचे, सोयऱ्यांचे शेजारी बघायचे, आणि उद्या आपल्या गावचा नंबर लागेल म्हणून बाकीचेही बघायचे. मी लगेच 'ओसरी' सुरू केलं. त्यात एक हुशार निवेदक बसवला. तो इतका हुशार होता, की म्हाताऱ्यांना बोलायला वेळच मिळायचा नाही. 'ओसरी' मी गुपचूप बंद केलं, आणि ते बंद झाल्याचं कुणी विचारलंही नाही.

आता ज्या प्रसंगानं ताईंची खरी ओळख झाली तो सांगतो. तो माझ्या आनंदाचा दिवस व्हायला हवा होता.

कळंब रस्त्याला मोटारसायकलचा अपघात झाला आणि एक शिक्षक जागीच गेले. 'शिवार'नं साडेसातला बातमी दिली. नाव बरोबर, गाव मात्र चुकलं. त्याच नावाचे दुसरे एक गुरुजी शेजारच्या तालुक्यात होते आणि धडधाकट होते. बातमी ऐकून त्यांच्या म्हाताऱ्या आई अंगणातच कोसळल्या, बहिणी रडत गाडी करून निघाल्या, आणि गुरुजी स्वतः दूध घेऊन घरी पोचले तर दारात माणसांची ही गर्दी. आई वाचल्या, पण कित्येक दिवस त्या मुलाचा हात सोडत नव्हत्या. ज्यांचं माणूस खरंच गेलं होतं, त्या घरी ही बातमी रात्री उशिरा शेजाऱ्यांकडून कळली.

दुसऱ्या दिवशी गावात त्याचीच चर्चा होती. मी माझ्या माणसांना सांगितलं, की आज आपल्या बातम्या नीट वाचा, आज सगळे आपल्याकडं येणार. साडेसातला मी फिरायला निघालो. सगळीकडं संबळ. एका टपरीवर माणसं उभी होती, तिथं मीही थांबलो.

पडद्यावर ताई होत्या. इतक्या वर्षांत त्या कधी कॅमेऱ्यासमोर आल्या नव्हत्या. डोक्यावरून पदर, समोर कागद नाही. त्या म्हणाल्या, "काल आमी एका जित्या माणसाला मेलेला सांगितलं. बातमी आणणाऱ्या पोराची चूक न्हाय, ती मी वाचून पाठवली, खात्री मी केली न्हाय. आज सकाळी दोन्ही घरी जाऊन आले. एका घरानं मला बसायला दिलं, एका घरानं दिलं न्हाय. दोन्हीचं बरोबर हाय." एवढं बोलून त्यांनी हात जोडले. त्या दिवशी 'शिवार'वर दुसरी कुठलीही बातमी लागली नाही. उरलेला वेळ पडदा काळा होता.

टपरीवर कुणी चॅनेल बदलला नाही. लोक काळा पडदा बघत उभे होते आणि त्याच वेळी माझ्या वाहिनीवर सगळ्या जिल्ह्याच्या बातम्या रंगीत दाखवल्या जात होत्या. त्या क्षणी मला जो मत्सर वाटला, तसा आधी कधी वाटला नव्हता. यशाचा हेवा करता येतो, तो मी रोज करत होतो. पण या बाईंची चूकसुद्धा माझ्या बरोबर बातमीपेक्षा लोकांना जवळची वाटत होती. त्यावर काय इलाज करायचा?

वर्षभरानं त्या धडधाकट गुरुजींच्या मुलीचं लग्न झालं. पंगतीत ताई वाढायला होत्या. मलाही आमंत्रण होतं, पण मी वाढायला नव्हतो.

ताईंनी माझ्यावर केलेले उपकार सांगायचे म्हटलं तर माझी लेखणी अडखळते. पण गौरवलेखात ते टाळता येत नाहीत. माझ्याकडं बातम्या वाचणारी रेखा जाधव ही गुणी मुलगी एकदा नोकरी मागायला त्यांच्याकडं गेली. ताईंनी तिला चहा पाजला आणि मला फोन केला, "तुमची पोरगी हिकडं आली होती. तिचा पगार वाढवा, न्हायतर मी ठेवून घेईन." मी वाढवला. रेखाताई आजही माझ्याकडं आहेत, आणि आजही ताईंचं नाव निघालं की त्यांचा चेहरा उजळतो. माझ्या नावानं उजळलेला मी पाहिलेला नाही.

आणि मग ते वादळ. वळवाच्या पावसाआधी दुपारी वीज पडली ती नेमकी माझ्या इमारतीवरच्या डिशवर. यंत्रं, संगणक, आवाजाचा मिक्सर, सगळं जळालं. माणसं वाचली एवढंच नशीब. जाहिरातींचा हंगाम म्हणावा तर नवरात्र जवळ नव्हतं, पण निवडणूक होती, आणि कापडवाले दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन करून विचारू लागले, की आमच्या जाहिरातीचं काय. मी जळक्या वासात खुर्ची टाकून बसलो होतो. आता 'झगमग' संपली हे मला दिसत होतं. तेवढ्यात ताई जिना चढून आल्या. सगळीकडं नजर फिरवून त्यांनी विचारलं, "रेखा कुठाय?"

त्या संध्याकाळी 'शिवार'च्या बातम्या संपल्यावर आठ वाजता त्यांच्याच पडद्यावर 'झगमग'ची पाटी आली, माझी तुतारी वाजली आणि रेखाताईंनी माझ्या बातम्या वाचल्या. जाहिराती माझ्या, त्यांचे पैसेही माझे. नवी यंत्रसामग्री येईपर्यंत हे चाललं. एका कापडवाल्यानं ताईंना सुचवलं, की आता माझीही जाहिरात तुमच्याकडंच वळवतो. त्यांनी त्याला सांगितलं, की दिगंबररावांना विचारून या.

मी त्यांचे आभार मानायला गेलो. मनात कृतज्ञता होती, पण खरं सांगायचं तर तिच्याखाली रागही होता. या बाईंनी आता मला कायमचं खाली ठेवलं असं वाटत होतं. मी विचारलं, "ताई, असं का केलंत? मी बंद पडलो असतो तर सगळा जिल्हा तुमचाच होता."

त्या अप्पांना भरवत होत्या. चमचा खाली न ठेवता म्हणाल्या, "तुमी बंद पडला तर माझी माणसं ढिली पडतील. तुमी साडेसातला येता, म्हणून आमी सातलाच तयार असतो."

त्यात माझ्यावर दया नव्हती. मला त्यांची भीती वाटत होती, तशी त्यांनाही थोडी माझी वाटत होती. इतक्या वर्षांत मला कुणी दिलेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र आहे. कटू भाग एवढाच, की त्या दिवसांत लोक मला म्हणायचे, "झगमगच्या बातम्या शिवारवर बऱ्या दिसतात हो."

पुढं अप्पा वारले. तारांचा जमानाही गेला. आता दोन्ही वाहिन्या मोबाईलवर आहेत, आणि कोण किती बघतं याचा आकडा तिथं व्हिडिओखालीच दिसतो. गल्लीत हिंडायची गरज उरली नाही, तरी मी हिंडतो. दोन आकड्यांची तुलना मी रोज करतो आणि निकालही रोज तोच असतो. ताई आजही प्रत्येक बातमी स्वतः वाचल्याशिवाय सोडत नाहीत, आणि गावाचं नाव लागलं की तिथल्या माणसाला फोन करून विचारतात. हे मी ऐकीव सांगत नाही; माझ्याच एका सोयऱ्यांना त्यांचा तसा फोन गेला होता.

महानंदाताईंना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो, शंभरी गाठतानाही त्यांचे डोळे चष्म्यावाचून बातमी वाचण्याइतके तल्लख राहोत, असं मी मनापासून चिंतितो. प्रेक्षक त्यांना उदंड आहेत. ते आणखी मिळोत असं मात्र मी म्हणणार नाही, तेवढं मोठं मन माझ्याकडं नाही. माझी एकच इच्छा आहे. कधी तरी एका संध्याकाळी 'झगमग' 'शिवार'च्या पुढं जाईल. त्या दिवशी ताईंनी ठणठणीत प्रकृतीनं आपल्या खुर्चीत बसलेलं असावं आणि तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघावा. त्या नसताना मिळालेला पहिला नंबर मला नको आहे.