ऑइल कूलरवरचं केळीचं पान

चहा येईपर्यंत ऐकून घ्या, आणि हसायचं ते मध्येच हसून घ्या. माझ्या लग्नाच्या दिवशी मी माझ्याच गाडीला इतका मान दिला, की तिचा जीव जायची वेळ आली होती.

आम्ही रावेरचे, केळीवाले. पण माझी गाडी केळी वाहणारी नाही. दोन दारांची, लाल, जुनी असली तरी टर्बो. पाय नुसता ठेवला की पाठ सीटला चिकटते. खोड एकच, उन्हाळ्यात इंजिनचं ऑइल तापायचं. आणि आमचा उन्हाळा कसा, विचारता? दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडून भुंकायला जात नाही.

साखरपुड्यात माझे होणारे सासरे, धुळ्याचे नाना, चारचौघांत म्हणाले होते, साधी गाडी करा पण मुहूर्त चुकवू नका. मला ते लागलं. तिथेच शब्द देऊन बसलो, याच गाडीतून येईन, स्वतः चालवत, आणि वेळेआधी. झालं, आता इज्जतीचा प्रश्न.

म्हणून ऑइल कूलर मागवला. लहानशी जाळी असते हो, बंपरच्या तोंडाशी बसते. इंजिनमधलं तापलेलं ऑइल पाइपातून तिच्यात येतं, समोरचा वारा खातं आणि निवून परत जातं. मी स्वतः बसवला. पाइप जोडले, ऑइल भरलं, गळती तपासली आणि भर दुपारी भुसावळपर्यंत गाडी पिदडली. तापमानाचा काटा जागचा हलला नाही! बाहेर जग भाजतंय आणि बंपरमागे एवढीशी जाळी इंजिनाला गार ठेवतेय. मी तिच्यापुढे हात जोडले. खोटं नाही सांगत, कुंकूसुद्धा लावलं.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाची गाडी सजवायची होती. तोंडावर झेंडूचा जाड पडदा लावला. मग मनात आलं, पाकळ्या कूलरच्या नाजूक जाळीत अडकल्या तर? म्हणून मधे केळीचं एक रुंद पान घातलं आणि सुतळीनं घट्ट बांधलं. केळीवाल्याच्या घरी मान द्यायचा म्हटलं की पान आलंच.

वऱ्हाडाची बस सकाळीच गेली. मागून निघून पुढे पोचायचं, ही माझी ऐट. सोबत आत्या होती. ती रावेरात ट्रॅक्टर चालवते आणि कुणाच्या बापाला भीत नाही.

जळगाव सुटलं आणि काटा चढायला लागला. एरंडोलला आणखी चढला. आत्या मागून म्हणाली, "बापू, पान भाजल्याचा वास यी राह्यला रे."

मी म्हणालो, "आत्या, इंजिनात पान कुठून येणार?"

पारोळ्याच्या पुढे काटा लालला टेकला. गाडी लिंबाखाली लावून बॉनेट उघडलं. पाइप पाहिले, जोड पाहिले, ऑइल मोजलं. सगळं ठीक. फुलांकडे तेवढं बघितलं नाही. देवाला घातलेल्या हाराखाली कोण हात घालतं?

मुहूर्त जवळ आलेला. तेवढ्यात केळीचा एक टेम्पो आला. आत्याला म्हटलं, तू गाडीपाशी थांब, मी कुणाला तरी पाठवतो. फेटा सांभाळत टेम्पोत चढलो. फोन गाडीतच राहिला, हे पुढे गेल्यावर कळलं.

टेम्पो आपला डुलत चालला होता. मी घामानं भिजलेलो, नानांपुढे काय तोंड दाखवायचं या विचारात. आणि मागून आवाज आला. तो आवाज! छातीत घुमला. लाल काहीतरी आलं, शेजारून सुसाट निघून गेलं. अंगावर काटा उभा राहिला. मी भारावून टेम्पोवाल्याला म्हणालो, "बघ भाऊ, गाडी म्हणावी तर अशी."

मग चालवणारीच्या डोक्यावरचा पदर आठवला.

मांडवात पोचलो तेव्हा भटजी घड्याळ बघत होते. नाना दारातच उभे. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून शांतपणे म्हणाले, "गाडी तं कव्हयच उनी, जवाई. तुम्ही कसामा उनात?" म्हणजे गाडी केव्हाच आली, तुम्ही कशात बसून आलात?

आत्या गार सरबत पीत बसली होती. मी विचारलं, ही चालली कशी? ती म्हणाली, "ऊन लागत होतं, म्हून डोक्यावर धराले ते पान ओढलं, त फुलांचा पडदाबी संगच निघाला. मंग एसी लावाले गाडी चालू केली, त काटा उतरला. मंग मी निघाली."

लग्न लागलं, नानांनी पुन्हा विषय काढला नाही, गाडी अजून माझ्याकडेच आहे. कूलर आजही तसाच अचाट काम करतो, फक्त मी त्याला वारा खाऊ देतो.

आमच्या अल्बममधला पहिला फोटो कधी बघा. सासूबाई आरतीचं ताट घेऊन ओवाळताहेत, मागे लाल गाडी, आणि तिच्या दारात आत्या उभी आहे, हातात भाजलेलं केळीचं पान. नवरदेव त्या फोटोत नाही.